आण्णांची कातरलेली करवंदी

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. भोर संस्थानच्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि त्यांना आमच्या दोन खणांच्या कौलारू घराला बंगला म्हणायची हौस लागली. कामानिमित्त एकदा महाबळेश्वरला जाऊन आले, साहेबलोकांची कातरलेली कुंपणं पाहिली आणि डोकंच फिरलं. विलायती रोपं आमच्याकडच्या उन्हात जळाली, तेव्हा आईच्या माहेराहून, हिर्डोशीच्या डोंगरातून, करवंदीची रोपं आणवली.

करवंदीला ना खत लागतं, ना राखण. आण्णांनी मात्र तिला शिस्त लावायला घेतली. दर रविवारी टोपी घालून, सुतळी ताणून, मोठ्या कात्रीने शेंडे छाटायचे. एखादी फांदी वर आली की यांचा अपमान! कळ्या शेंड्यालाच धरतात, हे आईने सांगून पाहिलं. "तुला बागेतलं काय कळतंय?" म्हणत त्यांनी तिच्यादेखत घोसच्या घोस उडवले. वर कचेरीत सांगत सुटले, यंदा घरोघर करवंदं पाठवतो.

त्या उन्हाळ्यात दिवस गेलेली थोरली बहीण माहेरी आली. घास घेतला की उलटी. तोंड एवढंसं झालेलं. मागायची ती फक्त करवंदं. कुंपणाला औषधालासुद्धा एक नव्हतं. डोंगरातल्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन दारावरून जायच्या, तर आण्णा त्यांना हातानेच पुढे घालवायचे. दारात करवंदी असताना विकत घेतली, तर लोक काय म्हणतील!

शेवटी आई कडाडली, "आवो, पोरगी वाळून चाललीया, आन् तुमाला लोकांचं पडलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा अंगणातून ओरडले, "लागली! कुंपणाला करवंदं लागली!" आम्ही धावलो. कुंपणाच्या बुडाशी, पळसाच्या द्रोणात, काळीभोर करवंदं नीट मांडून ठेवलेली. द्रोण फेकून द्यायचंही या गृहस्थांना सुचलं नव्हतं! मला भयंकर राग आला. आई तोंडाला पदर लावून आत गेली. बहीण मात्र पायरीवर बसून अधाशासारखी खात सुटली, आणि खाल्लेलं तिच्या पोटात राहिलं.

"आण्णा, उद्या पण लागतील का हो?" तिने विचारलं.

आण्णांनी आमच्या कुणाच्याच नजरेला नजर दिली नाही. "लागतील की," म्हणाले, टोपी घातली आणि भर रस्त्याने हिर्डोशीच्या वाटेला लागले. कचेरी उलट्या बाजूला होती.