रुमालाखालची बोटं

स्पष्टच सांगते, मी पत्रकं लिहिते. कविता नाही, कथा नाही, पत्रकं. वर एक ठळक ओळ, खाली मागण्या, मागच्या बाजूला आणखी मागण्या. पुसदला ज्या शिबिरात हे शिकले तिथल्या ताई सांगायच्या, "पहिल्या ओळीत कानफटात द्यायची, शेवटच्या ओळीत हक्क मागायचा, आणि मधल्या जागेत रडायचं नाही." अजून तरी मला याहून चांगला सल्ला कुणी दिलेला नाही. त्याच सल्ल्यानं मी एकदा माझ्या सख्ख्या काकाचा सौदा मोडला, ते सांगते.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा उमरखेडच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागतो. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता आम्ही एका जागी बसून कापूस आणि तूर करतो, पण बैलाचा विषय निघाला की तांड्यातला प्रत्येक म्हातारा अजून प्रवासालाच निघालेला असतो. घरात आम्ही गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी. काकाचं बोलणं इथं मी वऱ्हाडीतच लिहिते, नाहीतर निम्म्या वाचकांना दुभाषी लागेल.

काकाकडं एकच बैल उरला होता. त्याचा जोडीदार आदल्या वर्षी म्हातारपणानं गेला. भाड्याचा ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा राहू लागला, तसा हा कबरा बैल दावणीला नुसता रवंथ करत बसायचा. होळी झाली आणि काका म्हणाला, "यंदा इकतो. रिकामा बैल आन् रिकामा मानूस, दोघंबी खराब होते."

आता बैलबाजाराची रीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात. एकाच्या हातावर खांद्यावरचा मोठा रुमाल टाकतात, दुसरा त्याखाली हात घालतो. मग भाव बोलत नाहीत, एकमेकांची बोटं दाबतात. इतकी बोटं म्हणजे इतके. तोंडानं काय चालतं? "जवारी कशी झाली औंदा?" असलं काहीतरी. जमलं तर रुमालाखालीच हातावर हात पडतो, मग रुमाल निघतो. बाजूला उभ्या माणसाला भाव कळत नाही. दलाल मात्र सकाळपासून चार रुमालांखाली हात घालून आलेला असतो, त्याला सगळे भाव पाठ असतात. शेतकऱ्याला फक्त स्वतःचा.

याचा मला संताप यायचा. अजूनही येतो. बैल चालवून दाखवतात, दात उघडून दाखवतात, मग भावालाच कायले पडदा? मी पत्रक लिहायला बसले. तेव्हा मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही करत होते आणि वहीत फसवणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांची यादी होती. 'चीट' वापरावं असं आधी वाटलं. पण गोट्या खेळणारी पोरंही दिवसातून वीसदा "चीटिंग करून राह्यला" म्हणतात, त्या शब्दात आता दम नाही. यादीत शेवटी 'हूडविंक' होता. नवा कोरा. कुणाच्या तोंडी न लागलेला. मी ठळक ओळ केली:

रुमालाखालचं हूडविंक बंद करा! भाव उघड बोला!

बाजारच्या दिवशी सकाळी पहिलं पत्रक एका बैलजोडीवाल्या आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे कोन्त्या अळीवरचं औषध हाय व बाई?"

"औषध नाही आजोबा. हूडविंक म्हणजे फसवणूक."

"मंग फसवणूक लिव ना. दलाल आमाले फसवते तं आमच्या भाषेत तरी फसवते."

शेजारचे खो खो हसले. मी पुढं गेले. पत्रक वाटणाऱ्यानं हसण्यावर थांबायचं नसतं, हेही शिबिरातलंच.

आणि रांगेच्या टोकाला माझा काका दिसला. समोर एक वाळकासा म्हातारा, पांढरी टोपी, मळकं धोतर. दोघांचे हात रुमालाखाली. काकाची मान खाली. बाजूला एक दलाल दात कोरत उभा. मी त्या म्हाताऱ्याला ओळखत नव्हते, पण मला वाटलं, हा दलालाचाच माणूस, आणि माझा भोळा काका माझ्या डोळ्यादेखत लुटला जातोय. हातात पत्रकं, तोंडात घोषणा. मी काय करावं?

मी रुमाल ओढला.

"काका, भाव मोठ्यानं बोल!"

रुमाल माझ्या हातात आला आणि चारचौघांसमोर दोन हात उघडे पडले. म्हाताऱ्याच्या मुठीत काकाची बोटं, जितकी होती तितकी. दलालानं काडी तोंडातून काढली. त्याला एक नजर पुरली.

"बाप्पा! येवढ्यात?" तो ओरडला. "येवढ्यात सोडून राह्यला कबऱ्या बैलाले?"

आणि तो लगेच पुढच्या बैलाकडं सरकला, तिथल्या माणसाला म्हणाला, "पाह्यलं ना? आजचा भाव हा. तुहा तर याच्यापेक्षा बारीक हाय." मग त्याच्या पुढच्याकडं. जो आकडा मी उघडा केला, तोच त्यानं उचलून रांगेतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात हाणायला घेतला होता.

रांगेतून आवाज आला, "अबे कबरावाल्या, भाव पाडून राह्यला का आमचा?"

पांढऱ्या टोपीवाल्यानं हात ओढून घेतला. त्याचं तोंड शेंदरासारखं झालं होतं. काकानं माझ्या हातातला रुमाल घेतला, झटकला, खांद्यावर टाकला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला, "रुमाल निघाला, हात पडला नाई! सौदा मोडला! त्या बोटाले भाव म्हनू नका कोनी!"

ही पण रीतच. हातावर हात पडायच्या आत रुमाल उघडला तर ती बोटं झालीच नाहीत असं धरतात. दलालानं तोंड वाकडं केलं, पण रीत मोडायची हिंमत त्याच्यातही नव्हती. रांगेतले लोक पुन्हा आपापल्या बैलाकडं वळले. म्हातारा मात्र गर्दीतून निघून गेला होता.

परतीच्या वाटेवर काका पुढं, बैल मध्ये, मी मागं. रस्ता सोडून आत वळलो. मग काकाच म्हणाला, "तुले काय वाटलं, मी लुटल्या जाऊन राह्यलो?"

"हो."

"मीच कमी सांगतला होता त्याले."

मग एकेक करून कळलं. तो म्हातारा तीन बाजार येऊन आमचा बैल पाहून गेला होता. त्याच्याकडं एकच बैल उरला होता, जुवाच्या डाव्या अंगाचा. आमचा कबरा उजव्या अंगाचा. जन्मभर एका बाजूला चाललेला बैल म्हातारपणी बाजू बदलत नाही, त्यामुळं दोघांना जोडीदार मिळायचा तर हाच. म्हाताऱ्याजवळ बाजारभावाइतकं नव्हतं. या वेळी जमलं नाही तर आपलाही बैल विकून टाकायचा, असं तो म्हणाला होता.

"मले त्यालेच द्यायचा होता," काका म्हणाला. "पन उघड कमी सांगतला तं रांगेतल्या सगळ्याइचा भाव पडते. त्याच्यासाठी रुमाल असते, बाई. मी कोनाले स्वस्त देल्लं ते त्याले मालूम आन् मले मालूम."

"आणि दलाल त्याच रुमालाखाली लुटतो, त्याचं काय?"

"लुटते ना. मी कुठं नाई म्हनतो?" काका हसला. "तू त्याचा रुमाल ओढायचा होता. तू माहा ओढला."

घरी याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, दारातच विचारलं, "इकला का?" काका म्हणाला, "तुह्या लेकीनं वापस आनला." त्या आठवड्यात तांड्यात मला कुणी नावानं हाक मारली नाही. "काय व, वापसी!" असंच चाललं होतं.

मला सगळ्यात जास्त राग त्या शब्दाचा आला होता. ज्या शब्दाच्या जिवावर मी बाजारात उभी राहिले, त्याची मला तर एका ओळीची ओळख. कॉलेजच्या ग्रंथालयात जाडजूड कोश काढला. तिथं कळलं की साडेचारशे वर्षांपूर्वी त्या शब्दात फसवणूक नव्हतीच. हूड म्हणजे डोक्यावरून घ्यायचं टोपरं. विंक म्हणजे त्या काळी डोळे मिटणं. दोन्ही मिळून: डोळ्यांवर कापड ओढणं. बस, इतकंच. आंधळी कोशिंबिरीच्या खेळालाही तेच नाव होतं. मग कधीतरी अर्थ सरकला, झाकणं झाला, लपवणं झाला. त्याच्याच मागं मागं फसवणं आलं आणि शब्दाच्या घरात कायमचं राहिलं. मूळ मालक बाहेर. असली घुसखोरी मला कळायला हवी होती, आमच्या गुरचराईच्या इ-क्लास जमिनी कुणी बळकावल्या यावर मी दोन पत्रकं लिहिली आहेत.

काकाला हे सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. "मंग बैलाले नाल ठोकताना डोयावर फडकं टाकते, ते काय?"

"ते... ते पहिलं वालं."

"मंग शब्द चांगला होता," काका म्हणाला. "सोबत खराब भेटली त्याले."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं त्या म्हाताऱ्याच्या गावी गेले. मीच मोडलं होतं, मीच जोडायला हवं. तो अंगणात दोर वळत बसला होता. मला पाहून त्याचे हात थांबले.

"माफी मागायला आले," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही दलालाचे."

"चारचौघात बोटं दाखवली माही तू. आता बजारात पाय ठेवत नाई."

आतून त्याची बायको म्हणाली, "पोरगी एवढ्या दुरून आली, चहा तं पिऊ द्या. भांडन मंग करा." मी चहा घेताना गोठ्याकडं पाहिलं. त्याचा बैल डाव्या भिंतीला चिकटून उभा होता. उजवा अर्धा गोठा मोकळा, झाडलेला, आणि त्या बैलानं तिकडं एक पाऊल टाकलेलं नव्हतं.

"काकाचा बैल उजव्या अंगाचा आहे," इतकंच म्हणाले.

"मालूम हाय मले," म्हातारा म्हणाला. मग दोराचा पीळ घट्ट केला. "येतो. पन एक अट. रुमाल तू धरायचा."

पुढच्या बाजारी मी नवं पत्रक घेऊन गेले. मागणी सोडलेली नाही, सोडणारही नाही. फक्त ठळक ओळ बदलली: रुमाल शेतकऱ्याचा, हात शेतकऱ्याचे, दलाल बाहेर! आधीच्या आजोबांनी ते वाचून "आता समजलं" म्हटलं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान.

काकाचा रुमाल नको म्हणून म्हाताऱ्यानं माझी ओढणी मागितली. दोघांचे हात तिच्याखाली गेले. मी दोन्ही टोकं धरून बाजाराकडं पाठ करून उभी राहिले, खाली न बघता. दलाल डावीकडून आला, मी डावीकडं सरकले. उजवीकडून आला, मी त्याच्या हातात पत्रक दिलं. काका विचारत होता, "जवारी कशी झाली?" म्हातारा म्हणत होता, "बरी झाली, पाखरायनं थोडी खाल्ली." मग हातावर हात पडल्याचा आवाज आला.

डांबरी रस्त्यानं चालवत न्यायचा म्हणून म्हाताऱ्यानं बाजारातच नाल ठोकून घ्यायचं ठरवलं. नालबंदानं दोर टाकून कबऱ्याला आडवा केला. बैल धापा टाकायला लागला, डोळे पांढरे करायला लागला. काका म्हणाला, "डोये झाक त्याचे." मी ओढणीची घडी केली आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवली. त्याचा श्वास हळूहळू उतरला. कान सैल पडला.

"हेच का तुहं ते इंग्रजी?" काकानं विचारलं.

"हेच. जुनं वालं."

तेवढ्यात रांगेतला एकजण मागून आला. गेल्या बाजारी काकावर ओरडला होता, तोच.

"कितीत गेला व ताई?"

"मले काय मालूम? मी नुसती ओढनी धरली," मी म्हटलं. "आन् हळू बोला. डोये झाकले हाये त्याचे."