टपावरची काठी

मोठेबाबांना वेडं म्हणणाऱ्यांची मला अजून चीड येते. वडिलांचे हे थोरले भाऊ बार्शीटाकळीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि जुन्या व्हॅनच्या टपावर त्यांनी रेडिओची अँटिना उभी केली. लोखंडी बैठक, तिच्यात बांबू, बांबूला तांब्याची तार. अकोल्याहून अमरावतीला निघालं की गाडी मी चालवायची आणि ते मध्येच ओरडायचे, "इंजन बंद कर वं पोरी! ते खरखर करून राहिलं, अन् तिकडे माणूस बोलून राहिला."

मग शॉर्टवेव्हवर कुठल्या तरी देशातली बाई बातम्या द्यायची. भाषा दोघांनाही कळायची नाही. कोणी टोकलंच, "मास्तर, मोबाइल असताना हे कायले?" तर म्हणायचे, "मोबाइलवर मी धुंडतो तेच भेटते. इथं कोण भेटन, सांगता येत नाही."

दर महिन्याला स्टुलावर चढून ते बैठक खोलायचे आणि तिच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासायचे. "गाडीचा पत्रा बी अर्धी अँटिनाच हाय, बैठक उघड्या पत्र्याले भिडली पाह्यजे," हे मी शंभरदा ऐकलं असेल.

खुब्याचं हाड मोडून ते दवाखान्यात होते, तेव्हा त्यांना खूश करायला मी व्हॅन रंगवून घेतली. घरी येताच ते काठी टेकत गाडीत जाऊन बसले. रेडिओवर नुसती खरखर. "अँटिनाच्या बुडाखाली पाह्य वं," म्हणाले. स्टूल आणायचा मला कंटाळा. खालूनच मान वर केली आणि म्हटलं, "चकाचक आहे, मोठेबाबा."

शेजाऱ्यांना तर निमित्तच हवं होतं. "केंद्रं बंद झाली, मास्तर. कोण ऐकते आता?" मीही तेच म्हणाले. आठवडाभर ते बटण फिरवत बसले, मग रेडिओ कपाटात ठेवला. "सारेच कसे गेले वं? कोणी सांगितलं बी नाही," एवढंच बोलले. त्याच समजुतीत ते गेले.

परवा व्हॅन विकायची म्हणून बैठक खोलली. खाली त्या नव्या पांढऱ्या रंगाचा जाड थर होता. गाडीच्या खणात त्यांचा पॉलिश पेपर तसाच होता. पत्रा उघडा होईपर्यंत घासला, बैठक आवळली, कपाटातला रेडिओ आणून तार जोडली.

बाई बातम्या देत होती.

केंद्रं बंद झाली म्हणणाऱ्या एकेकाला ओढत आणून तिथे बसवावंसं वाटलं. पण त्या सगळ्यांवर मोठेबाबांनी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी माझ्यावर ठेवला होता.