अस्लमभाईंची संमती

अस्लमभाईंचं जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘नाय’नं सुरू व्हायचं, होकार द्यायचा असला तरी. चहा घेणार का विचारलं तर म्हणायचे, “नाय, घेऊ की.” ऊन वाढलंय म्हणावं तर, “नाय, लईच वाढलंय.” पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस आपल्याशी भांडतोय. नंतर कळलं की ते भांडतच असतात, माझ्याशी असं नाही, एकूण जगाशी. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. जुन्नरच्या पेठेत त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दशक्रिया, गावातल्या चौकात जे काही लटकत असायचं त्यातलं निम्मं तरी त्यांच्या मशीनमधून निघालेलं.

मी ग्रामसेवक. नोकरी आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पंचायत समितीत खेटे घालण्यात निम्मा जन्म गेला. घर मात्र जुन्नरला. स्वच्छतेच्या मोहिमेचा फ्लेक्स करायला म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर काउंटरवर वीस बाजूंचा एक निळा फासा पडलेला. हे काय म्हणून विचारलं आणि फसलो. “नाय, भाऊसाहेब, बसा, सांगतो,” म्हणाले, आणि तेव्हापासून माझा रविवार घरच्यांना मिळाला नाही. बायको अजून त्या फ्लेक्सच्या नावानं बोटं मोडते.

खेळ तसा सोपा. एक जण गोष्ट चालवतो, आमच्यात ते काम अस्लमभाईंचं; बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, ‘मी भिंत चढतो’, ‘मी त्याला फसवतो’, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. गोष्ट महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालते. नियमांचं पुस्तक परदेशी. अस्लमभाईंनी ते इंग्रजीतून वाचलं, अर्धं फेकून दिलं आणि उरलेलं नाणेघाटात आणून बसवलं. ड्रॅगन काढले. “कोणी बघितलाय आपल्याकडं?” त्या जागी बिबट्या ठेवला, आणि असा ठेवला की तीन-तीन रविवार तो नुसता मागे चालतोय, हल्ला करत नाही, आणि आमचा जीव टांगणीला. ड्रॅगनच्या बापाला जमलं नसतं ते.

आमच्यासोबत संतोष आणि सुनीता मॅडम असायचे, नवराबायको. संतोष पारगावच्या कारखान्यात फिटर, मॅडम तिकडच्याच एका वस्तीवरच्या शाळेत. दर रविवारी मोटरसायकलवर यायचे आणि उसातला रस्ता, अंधार पडला की बिबट्याची भीती, म्हणून चारच्या ठोक्याला निघायचे. खेळताना दुकानाचं शटर सताड उघडं ठेवायचं, हा अस्लमभाईंचा दंडक होता. रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. येणारा-जाणारा थांबून आत डोकावायचा. “झाकून खेळला तर जुगार, उघडा खेळला तर खेळ,” असं त्यांचं म्हणणं. तरी कुणीतरी चुगली केलीच. एक हवालदार दारात येऊन उभे राहिले आणि पैसे कुठे आहेत म्हणून विचारू लागले. “नाय, साहेब, पैसे नाय लावत आमी. जीव लावतो,” अस्लमभाई शांतपणे म्हणाले आणि खुर्ची पुढे सरकवली. हवालदार अर्धा तास बसले. जाताना म्हणाले, गोष्टीतल्या त्या म्हातारीवर विश्वास ठेवू नका, ती फितूर आहे. ती फितूर निघाली, तो भाग वेगळा.

आता मुद्द्यावर येतो. खेळात सुनीता मॅडमची चंद्राई नावाची वैदू होती. तीन वर्षं त्यांनी तिला वाढवली. तिची कुठली मुळी कशावर चालते, ती कुणाशी बोलत नाही, हसते कधी, सगळं त्यांना पाठ. एका रविवारी किल्ल्यावरच्या टाक्यात ती पाणी आणायला उतरली. शेवाळलेली पायरी, म्हणून अस्लमभाईंनी फासा टाकायला सांगितला. एक पडला, म्हणजे सगळ्यात वाईट. मग दुसरा टाकला, जगते का बघायला. तोही गेला. जुन्या नियमात त्यापुढे काही नाही.

“गेली,” अस्लमभाई म्हणाले.

“पाणी आणताना?” मॅडमनी विचारलं. “लढताना नाही, काही नाही. पाणी आणताना?”

“नाय, मॅडम, माणसं अशीच जात्यात.”

मॅडम पुढचे तीन रविवार आल्या नाहीत. संतोष एकटाच यायचा, मोबाईलमध्ये बघत बसायचा आणि तीनलाच उठायचा. मला राग आला. मी पुण्याला गेलो होतो तेव्हा या खेळाचं नवीन पुस्तक विकत आणलं, नवीन नियमांचं. एका आठवड्यात वाचून काढलं. त्यातला एक नियम वाचून मी उभाच राहिलो. खेळातल्या माणसाची ताकद संपली की गोष्ट चालवणाऱ्यानं खेळणाऱ्याला विचारायचं, हा जातो की राहतो? राहतो म्हणालं तर तो जगतो, पण त्याचं काहीतरी मोलाचं जातं: हात, घर, सोबती. जातो म्हणालं तर त्याला शेवटचं एक काम करता येतं, आणि ते काम फासा न टाकता होतं. हमखास.

मी मॅडमना बोलावून घेतलं आणि चौघांत पुस्तक ठेवलं. अस्लमभाईंनी ते वाचलं. चष्मा काढला.

“नाय. मरण इचारून येतं का कधी, भाऊसाहेब?”

“येत नाही म्हणूनच खेळात विचारायचं,” मी म्हणालो.

“मग भीती कसली? आन्‌ भीती नाय तर धाडस तरी कसलं? बिबट्यानं आधी परवानगी घ्यायची का? ‘पावणं, चावू का?’”

संतोषला हसू आलं. तो अस्लमभाईंच्या बाजूचा होता, लपवायचाही नाही. पण मॅडम हसल्या नाहीत.

“भाई, मी रोज सकाळी शाळेला उसातून चालत जाते,” त्या म्हणाल्या. “हातात काठी, आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून. पोरांना घोळक्यानं घरी सोडते. आमच्या वस्तीवर संध्याकाळी कुणी अंगणात बसत नाही. भीती काय असते ते मला शिकवू नका. आठवडाभर मला कुणी विचारत नाही. रविवारी तरी विचारा.”

अस्लमभाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “नाय, दुःख समजतंय मला. पण नियम दुःखाकडं बघून नाय करता येत.”

“हेच नियम राहणार असतील तर मी यायची नाही.”

“आन्‌ हे नवीन आले तर मी फासा हातात धरायचा नाय.”

झालं. मॅडम आल्या नाहीत तर संतोष फार दिवस येणार नव्हता, आणि अस्लमभाईंशिवाय तर सगळाच बाजार उठणार होता. दोन मतं इकडे, दोन तिकडे. मी त्या दिवशी बरंच बोललो, आवाजही चढला. त्यांना म्हणालो, तुम्हाला खेळ आवडत नाही, तुम्हाला यमराज व्हायला आवडतं. ते म्हणाले, “नाय, यमराज काय वाईट माणूस नाय.” समोरचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. वाद बोलून मिटत नाही, खेळून मिटवू. एक रविवार नवीन नियमांनी खेळायचं, गोष्ट मी चालवायची आणि ते खेळणार. इतक्या वर्षांत अस्लमभाई कधी टेबलाच्या या बाजूला बसले नव्हते. त्यांनी माणूस घेतला येसू खेचरवाला, घाटातून धान्याची खेचरं नेणारा. मॅडमनी नवीन पोरगी घेतली, रखमा. संतोषचा तोच जुना पहारेकरी.

खरं सांगतो, अस्लमभाई खेळाडू म्हणून असह्य होते. येसू प्रत्येक वळणावर खेचरांना पाणी पाजायचा. जकातीच्या नाक्यावर त्यानं असा वाद घातला की संतोषच्या पहारेकऱ्यानं आपल्या खिशातून जकात भरली. पण मजा येत होती, मॅडम पोट धरून हसत होत्या, आणि मला वाटलं जिंकलो आपण. मग घाटाच्या अरुंद वाटेवर मी बिबट्या आणला. मुद्दाम आणला. रखमाचा पाय दगडांत अडकलेला. येसू धावला, फासा उलटा पडला, पुन्हा उलटा पडला आणि येसूची ताकद संपली.

मी पुस्तकात लिहिलंय तसंच विचारलं. “येसू जातो की राहतो?”

“भाई, राहतो म्हणा,” संतोष घाईनं म्हणाला. “एखादं खेचर जाईल फार तर.”

मागे मशीन कुणाचा तरी वाढदिवस छापत होतं, त्याची खरखर तेवढी चालू होती. अस्लमभाईंनी मला विचारलं, “गेला तर शेवटचं काम फाशाविना व्हतं ना?”

“होतं.”

“मग येसू रखमाच्या आन्‌ बिबट्याच्या मधी उभा ऱ्हातो. ती पाय सोडवून खाली पोचंस्तवर हालत नाय. मंजूर. गेला.”

मंजूर म्हणाले, आणि आधी नाय म्हणाले नाहीत. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी भराभरा माझ्याकडचं पुस्तक ओढून घेतलं आणि त्यातलं दुसरं कलम काढलं. बाकीच्यांनी आपापलं एकेक मोलाचं दिलं तर गेलेला माणूस परत आणता येतो, असंही नवीन नियमात होतं. “मी देते,” त्या म्हणाल्या. “रखमाचं काय हवं ते घ्या.”

“नाय, मॅडम. इचारायचा नियम तुमीच मागितला. मला इचारलं, मी सांगितलं. आता परत कशाला इचारता?”

“म्हणजे नियम चांगला आहे, हे मान्य?” मी म्हणालो. मला धीर धरवला नाही.

“नाय. इचारून मरण येतं हे खोटंच हाय, भाऊसाहेब. लई चांगलं खोटं हाय, पण खोटंच.”

आणि ते उठून मशीनकडे गेले. पुढच्या रविवारी बसणार का, फासा धरणार का, काही बोलले नाहीत. आठवडाभर फोन नाही. मी एकदा केला तर उचलला नाही. मी बायकोला सांगूनही टाकलं की बहुतेक मोडलं सगळं. ती म्हणाली, बरं झालं, आणि मग माझं तोंड बघून चहा टाकायला उठली.

रविवारी सकाळी आठपासून माझा फोन वाजायला लागला. घोडेगावहून ऑफिसातला सहकारी, दूधवाला, मग सासूबाई. सगळ्यांचा एकच सवाल, कोण वारलं? सासूबाईंना तर सुतक किती दिवस पाळायचं तेही विचारायचं होतं. मी चप्पल अडकवून पेठेत पोचलो. अस्लमभाईंच्या दुकानावर दहा फुटी फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. कै. येसू खेचरवाला. नाणेघाट मुक्कामी, नवीन नियमानुसार, स्वसंमतीने. खाली शोकाकुल म्हणून आम्हा तिघांची नावं, हुद्द्यांसकट; कुणीतरी त्याचा फोटो सकाळीच मोबाईलवर फिरवलेला. आणि मधोमध फोटो: डोक्याला फेटा, काळ्याभोर मिशा, तिशीतले अस्लमभाई. कुठल्याशा दोस्ताच्या लग्नातला असावा. आताच्या पांढऱ्या दाढीवरून कुणी ओळखलं नसतं.

शटर उघडं होतं. आत चार खुर्च्या मांडलेल्या आणि टेबलावर नवीन पुस्तक. तेवढ्यात मॅडम आणि संतोष आले. मॅडम मोटरसायकलवरून उतरल्या त्या फ्लेक्सकडे बघतच राहिल्या.

“भाई, उतरवा ते. तुमचा फोटो आहे. बघवत नाही.”

“नाय. ज्याचा फ्लेक्स लागला तो माघारी येत नाय, एवढी रीत तर जुन्नरला हाय का नाय? म्हणून लावला. ते परत आणायचं कलम बंद. बाकी तुमचे नियम ऱ्हाऊ द्या. फासा मी धरीन. पण दर रविवारी भांडणार, आधीच सांगतो.”

“भांडा,” मॅडम म्हणाल्या आणि डोळे पुसून बसल्या. मी बसलो नाही. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की मी बरोबर होतो, आणि तो माणूस चहा सांगत होता.

तेवढ्यात दारात एक म्हातारबाबा थांबले. मढहून बाजाराला आलेले, पाठीला पोतं. त्यांनी फ्लेक्सला हात जोडले आणि आम्हाला विचारलं, “कोण व्हते म्हणायचं?”

“आमच्यातला एक,” अस्लमभाई म्हणाले.

“तरणेच दिसत्यात. कशानं गेले?”

“सोताच्या मर्जीनं. या भाऊसाहेबांनी इचारलं, जातो का ऱ्हातो. तो जातो म्हणाला.”

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझी थट्टा चाललीय असं त्यांना अजिबात वाटलं नाही. “नशीबवान हाय,” म्हणाले. “आमाला कोण इचारतंय?” पोतं सावरून ते बाजाराकडे निघून गेले.

अस्लमभाई बराच वेळ त्या दिशेनं बघत होते. “घ्या, भाऊसाहेब,” शेवटी म्हणाले. “एक मत वाढलं तुमचं.”

त्यानंतर चार वर्षं आम्ही नवीन नियमांनी खेळलो. ते दर रविवारी भांडले. मीही एक पाऊल मागे हटलो नाही. तो नियम चांगलाच आहे, त्यांच्या कबरीशी उभा राहूनही मी हेच सांगेन. पण अस्लमभाईंना कुणी विचारलं नाही. एका मंगळवारी दुपारी, दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजारी मशीन चालूच होतं. एवढ्या भांडखोर माणसाला एका शब्दानं न विचारता नेलं. याचा मला राग आहे, आणि तो सोडायचा माझा विचार नाही.