मंगलची भरलेली बाटली

"मॅडम, हिला आजच घरी पाठवा. मशीनवर पडणारी बाई मला नको," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

मंगल माझ्या ऑफिसातल्या बाकावर बसली होती. चेहरा पांढराफटक. "पाय घसरला, मॅडम. चक्कर न्हाई आली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. दारावरच्या पाटीवर नावापुढे बी.एस्सी. मी मुद्दाम लिहून घेतलंय. मंगल प्रेसवर असते. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच ते चालतं. म्हणून ती कोसळली तेव्हा बोटं वाचली. अशा थोडक्यात टळलेल्या अपघाताला आम्ही निअर मिस म्हणतो. त्याचं कारण शोधलं नाही, तर पुढचा टळत नाही.

कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. बीपी कमी, लघवीत इन्फेक्शन. "ही बाई पाणीच पीत नाही. गोळ्या देतो, पण असंच चाललं तर पुन्हा पडेल. पाणी प्यायला लागली तरच फिटनेस सर्टिफिकेटवर सही करीन."

सही नाही तर काम नाही. मंगलचा नवरा पाथर्डीकडे कोरडवाहू रान बघतो. दोन पोरींची शाळा हिच्या पगारावर.

उन्हाळा होता. मशीनं असतात त्या शेडमध्ये थंड पाण्याचा कूलर होता. 'भरपूर पाणी प्या' हा बोर्ड मीच लावलेला. सही होईपर्यंत प्रेसवर उभं राहायचं नाही, या अटीवर डॉक्टरांना विचारून तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं आणि लक्ष ठेवलं. शिफ्ट सुटताना बघते तर बाटली सकाळी होती तेवढीच भरलेली. मी तिला बाजूला घेतलं.

"मंगल, नोकरी घालवायचीय का?"

"न्हाई, मॅडम."

"मग पी की!"

"पेलं की जावं लागतं."

"मग जायचं."

"किल्ली नानांकडं हाय."

आमच्याकडे बायकांच्या टॉयलेटला कुलूप असायचं, ट्रकचे ड्रायव्हर आत शिरतात म्हणून. किल्ली गेटवरच्या वॉचमनकडे, म्हणजे नानांकडे. बाकीच्या बायका "ओ नाना, किल्ली!" म्हणून जाता-येता ओरडायच्या.

"सगळ्याच मागतात की," मी म्हटलं.

"त्यांचे ते नुसते नाना. माझे चुलत सासरे हायेत. त्यांनीच मला हितं लावलं. त्यांच्या म्होरं मी डोक्यावरचा पदर पडू देत न्हाई, आन् संडासाची किल्ली मागू व्हय?"

"दुसरीला आणायला सांग."

"ती रखमा गेटवर बोंबलंल, मंगलला लागलीय म्हनून!"

हे मात्र खरं होतं. मी तडक मॅनेजरकडे गेले.

"कुलूप काढलं तर ड्रायव्हर घुसतील," ते म्हणाले.

"कुलूप राहू द्या, सर. किल्ली फक्त आत, बायकांच्या लॉकरपाशी खिळ्याला लावू."

"एवढंच? मग आधी का नाही केलंत?"

"आधी कुणी पडलं नव्हतं, सर."

किल्ली घ्यायला मी स्वतः गेटवर गेले. मंगलचं नाव काढलं नाही. नानांनी किल्ली खिशातून काढून लगेच माझ्या हातावर ठेवली.

"लई बरं झालं, मॅडम. आमची सूनबाई हाय आत. ती गेटकडं येताना दिसली, की मीच ट्रकचं नंबर बघायला बाहेर जायचो. तिला कसं वाटंल म्हनून."

म्हणजे मंगल कधी धीर करून आलीच असती, तरी गेटवर नाना सापडले नसते.

इन्फेक्शन गेलं. डॉक्टरांनी सही केली. मंगल पुन्हा प्रेसवर उभी राहिली, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर बघायला आला. तिनं त्याच्यासमोरच बाटली तोंडाला लावली, घटाघटा रिकामी केली आणि निवांत लॉकरकडे चालायला लागली.

"आता ही दिवसभर तिकडंच जाणार का?" तो कुरकुरला.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "चालत जातीय ना?"

माझा बोर्ड अजून कूलरवर आहे. पण माणसाला पाणी पी म्हणून सांगायच्या आधी, प्यायल्यावर त्याला जाता येतं का, हे मी आता बघून घेते.