शेजारच्या खाटेवरची बाई

कंबरदुखीसाठी मी गारखेड्यातल्या एका फिजिओथेरपी केंद्रात जायचे, तेव्हा शेजारच्या खाटेवर बिडकीनकडची एक बाई असायची. साठीची, उन्हानं रापलेली. सारं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, आता दोन्ही गुडघे धरलेले. गुडघ्यांना चुंबकीय लहरींच्या मशीनचे पट्टे बांधले, की ती डोळ्यांवर हात घेऊन निपचित पडायची. मशीन बारीक टिकटिकत राहायचं.

एकदा मी विचारलं, "मावशी, फरक पडतोय का?"

"दुखनं हाय तसंच हाय, बाई," ती डोळे न उघडताच म्हणाली. "पन इथं पडलं की कुणी ऊठ म्हनत नाय."

त्या दिवशी तिला न्यायला मुलगा आला. "माय, आता बास कर की. घरची कामं पडल्यात," तो म्हणाला.

ती धडपडत उठून बसली. "लई गुण हाय रं. अजून थोडं दिस येऊ दे."

त्याचा विश्वास बसेना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "खरं का हो, ताई?"

"हो," मी म्हणाले. "चांगल्या चालायला लागल्यात."

दुसऱ्या दिवशी मी पोचले, तेव्हा ती गाढ झोपली होती.