टूलकिट चाललं तर बॅच माझी

मी धारची. देवासला आत्याकडे राहून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायचे, आणि टायपिंगचा मला मनापासून वैताग होता. मला प्रोग्रॅमिंग येत होतं. पण बायकांनी टायपिंगच करावं असं आमच्या मालकांचं ठाम मत, म्हणून प्रोग्रॅमिंगला इंदूरहून एक सर यायचे. बसने, वाटेल तेव्हा.

मी बायकांची वेगळी प्रोग्रॅमिंगची बॅच मागितली, तीही विंडोजऐवजी लिनक्सवर. लिनक्स फुकट मिळायचं, आतून उघडून बघता यायचं आणि क्लासातल्या विंडोजसारखं चोरीचं नव्हतं. मालक हसले. सर विंडोजवर जे टूलकिट शिकवतात ते आता लिनक्सवरही आणलंय म्हणे, शनिवारपर्यंत चालवून दाखव, बॅच तुझी, म्हणाले. नाही तर टायपिंग, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. वर मला दिलं काय, तर कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं मशीन!

टूलकिट म्हणजे पडद्यावर खिडक्या नि बटणं काढायचं सामान. क्लासची मशीनं बघणाऱ्या मेकॅनिकने सोमवारी ते बसवून दिलं. खिडकी छान उघडली, पण बटण दाबलं की सगळं ठप्प. सायबर कॅफेत शोधलं तर उपाय सापडला. टूलकिटच्या कोडमधली एक ओळ बदलायची आणि ते नव्याने बांधून, म्हणजे कंपाइल करून, घ्यायचं. मी ओळ बदलली, बांधायची आज्ञा दिली. सगळं अद्ययावत आहे, असं उत्तर आलं. मला वाटलं, वा, झालं काम. बटण दाबलं, तर पुन्हा ठप्प.

तीन दिवस हेच. ती ओळ मी दहा तऱ्हांनी बदलली. त्यात दिवसातून दोनदा लाइट जायची, आणि गेली रे गेली की मालक धावत येऊन सगळ्या मशीनचे प्लग उपटून ठेवायचे. इंदूरचे सर मागे उभे राहून, लिनक्स वगैरे लडकियों का काम नहीं, असं म्हणून गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं सांगते, रडूही आलं, कारण आपल्याला काही येत नाही असं आता मलाच वाटायला लागलं होतं.

बॅचसाठी नाव दिलेल्या एक ताई रोज माझ्या शेजारी बसायच्या. घर वऱ्हाडातून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेलं, शाळा सगळी हिंदीत. पडद्यावर दिसेल ते सगळं त्या वहीत उतरवायच्या. मी चिडायचे, ताई, नुसतं उतरवू नका, समजून घ्या. शुक्रवारी त्यांनी वही माझ्यापुढे धरली. फाइलींची यादी होती, तारखांसकट.

"मॅडम, ही ओळ आपण आत्ताच बदलली ना? मग इथे एक जनवरी कशी काय? श्रावण चालूय."

मशीनमधली छोटी बॅटरी मेली होती. प्लग निघाला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. सोमवारी मेकॅनिकने तारीख बरोबर लावून टूलकिट बांधलं होतं, त्यामुळे नंतरची माझी प्रत्येक दुरुस्ती मशीनच्या लेखी त्याच्याही आधीची. जुन्यासाठी पुन्हा कशाला बांधायचं, म्हणून ते काहीच करत नव्हतं. घड्याळ चुकलंय अशी सूचना ते देतही होतं, पण हे टूलकिट इतक्या सूचना ओकायचं की मी वाचणंच सोडलं होतं. ताईंनी तीही उतरवली होती. मी त्यांची माफी मागितली.

तारीख लावली, ती ओळ पुन्हा लिहून सेव्ह केली, टूलकिट पुन्हा बांधलं. शनिवारी मालकांसमोर ताईंनी बटण दाबलं, आणि दुसरी खिडकी उघडली. जमलं बुवा, म्हणाले मालक. मग हळूच म्हणाले, बॅच मात्र इंदूरचे सरच घेतील, बायकांच्या घरच्यांना ते बरं वाटेल, तू मदतीला बस.

"सर, टूलकिट चाललं तर बॅच माझी, हे तुम्ही बोललात. चाललंय. बॅच मीच घेणार."

बघू, म्हणाले. मी कसली बघू देते! सोमवारी क्लासचं शटर उघडताच मी फळ्यापाशी उभी. इंदूरचे सर आले तेव्हा बायकांचा पहिला प्रोग्रॅम अर्धा झाला होता. ते दारात थांबले, मालकांकडे बघायला लागले. मालक माझ्याकडे.

"सर," मी इंदूरच्या सरांना म्हटलं, "बाजूच्या खोलीत टायपिंगची बॅच थांबलीय. त्यांना शिकवायला कोणी नाहीये."

त्या वर्षी टायपिंग त्यांनी शिकवलं.