वाडगे वाळेपर्यंत

आमच्या डोंगरावरच्या बहुतेक घरांना एलादियो किसेनोचे हात लागले आहेत. माझं घरही त्यानंच बांधलं. बांबूचा कूड, वर मातीचा गिलावा आणि समोर लाकडी सज्जा. भूकंपात चर्चचा मनोरा खाली आला, पण त्यानं बांधलेलं एकही घर पडलं नाही. गावात त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मी मात्र त्याला कोंपाद्रे म्हणतो आणि तो मला, कारण त्याच्या लेकीला, यानेतला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मबाप म्हणून मी हातांवर धरलं होतं. लिहायची मला सवय नाही. पण तो गाव सोडून गेल्यापासून लोक दुकानात बसून वाटेल ते सांगतात, आणि शेजारचं दार माझं आहे.

गुडघे गेले तेव्हा मिस्त्रीनं घरं बांधणं सोडलं आणि मागच्या खोलीत लाकूड कातायचं लेथ बसवलं. आधी पोरांसाठी भोवरे केले, मग सज्ज्यांच्या कठड्यांचे खांब, मग वाडगे. वाडग्याचं काम वेगळं असतं. ओल्या लाकडाचा वाडगा एका दमात पुरा करता येत नाही. आधी जाडसर कातून फळीवर ठेवायचा. वाळताना तो वाकडातिकडा होतो. पुरता वाळला की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. खालच्या गरम मुलखात हे लवकर होत असेल. आमच्याकडे दुपार झाली की दरीतून धुकं वर येतं, खोलीत शिरतं आणि पहाटेपर्यंत हलत नाही. इथं वाडगा वाळायला वर्षही पुरत नाही.

त्यात मिस्त्रीला कुणाला नाही म्हणता येत नसे. कुणाचं झाड पडलं की ओंडका त्याच्या दारात. "मिस्त्री, आईनं लावलेला पेरू आहे हो, ह्याचं काहीतरी करा." तो ओंडक्यावर हात फिरवायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "ठेव तिथं." माझ्या बायकोनं, तेरेसानं लावलेलं संत्र्याचं झाड वठलं, तेव्हा मीही त्याचं खोड नेऊन ठेवलं होतं.

एर्मिनियाला, म्हणजे त्याच्या बायकोला, धुकं सोसेनासं झालं होतं. छाती भरायची. चुलीपासून दारापर्यंत येईतो दोनदा टेकायची. डॉक्टरांनी सांगितलं, खाली जा, नाहीतर पुढचा पावसाळा अवघड आहे. खाली शहरात यानेतनं खोली तयार ठेवली होती. मिस्त्री म्हणाला, जाऊ, पण लोकांना शब्द दिलाय. फळीवरचे वाडगे वाळले की निघू.

"तुमच्या वाडग्यांची वाट बघून बघून माझंच लाकूड वाळलं," एर्मिनिया म्हणायची. "हात लावून बघा, कडकड वाजतंय."

दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर ती तिच्या बापाचा कॉफी तोलायचा तराजू काढायची आणि एकेक वाडगा त्यावर ठेवायची. वजन उतरायचं थांबलं की वाडगा वाळला, असा तिनं नवऱ्याकडून शिकलेला हिशेब. मी गुळाचं पाणी प्यायला तिथंच असायचो. वजन थोडं उतरलं की तिचा चेहरा थोडा उघडायचा. मिस्त्री तेव्हा बाहेर डोंगराकडे बघत बसायचा.

एका रविवारी पेरूचा वाडगा तराजूवर ठेवून ती थांबली. काढला, पुन्हा ठेवला.

"हा जड झालाय."

"तराजू म्हातारा झालाय तुझा," मिस्त्री म्हणाला.

"तराजूला घाम येत नाही. हे बघा, बूड ओलं आहे." तिनं दुसरा उचलला, मग तिसरा. मग माझ्याकडे वळली. "कोंपाद्रे, तुमच्या खिडकीतून आमचा मागचा सज्जा दिसतो ना?"

दिसायचा. दरीकडच्या त्या सज्ज्यात धुकं सगळ्यात आधी येतं. पहाटे मिस्त्री कोंबडीची पिल्लं बाहेर काढावीत तसे वाडगे एकेक करून तिथं नेऊन ठेवायचा आणि ती उठायच्या आत परत आणायचा. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. तिला तेवढं पुरलं.

ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "का?"

मिस्त्री तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलला. "कोंपाद्रे, तू यानेतचं घर बघितलंयस? चौथा मजला. खिडक्यांना गज. जावई मोठा गुणी पोरगा. म्हणाला, बाबा, तुम्ही आता आराम करायचा. आणि मला खुर्ची दाखवली. अजून प्लास्टिकही काढलेलं नव्हतं तिचं. म्हणाला, ही तुमची. मी बसलो. समोर भिंत. आणि भिंत ओळंब्यात नव्हती रे."

"भिंत वाकडी म्हणून मी इथं मरू?" एर्मिनियानं विचारलं. तेवढ्या बोलण्यानंही तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं पुरुष नुसते बसून राहिलो. खोकला थांबल्यावर ती उठली, चार वाडगे पोटाशी धरले आणि स्वयंपाकघरात गेली. चुलीवरच्या माळ्यावर मक्याची कणसं टांगतात, तिथं तिनं ते मांडले. पुन्हा आली, पुन्हा चार नेले.

"एर्मिनिया, तिथं तडकतील."

"तडकू देत. वाळतील तरी."

मिस्त्री दारात उभा होता. त्यानं हात पुढे केला असता तर ती थांबली असती, इतकी ती दमली होती. त्यानं हात पुढे केला नाही. ती येताजाताना तो बाजूला होऊन तिला वाट देत राहिला.

संध्याकाळपासून वाडगे तडकायला लागले. वाळकी शेंग फुटावी तसा आवाज. दर आवाजाला मिस्त्रीच्या खांद्याला झटका बसायचा.

मग ज्याचे त्याला वाडगे परत देणं सुरू झालं. लोक यायचे, भेगेत बोट घालून बघायचे.

"मिस्त्री, ह्यात सूप कसं ठेवायचं?"

"अंडी ठेव."

"अंड्यासाठी कोंबडी पण तुम्हीच देणार का?"

लोक हसले, वाडगे घेऊन गेले. माझ्या वाडग्याला काठापासून बुडापर्यंत भेग गेली आहे. मी त्यात लसूण ठेवतो.

फळी रिकामी झाली. घरात गाठोडी बांधायला सुरुवात झाली, आणि त्याच आठवड्यात गावातला आर्नुल्फो खेचराला जुंपून अक्रोडाचा ओंडका ओढत घेऊन आला. काळसर, ताजा. सगळ्या अंगणात वास पसरला. मी तिथंच होतो.

"उतरत्या चंद्रात तोडलाय, मिस्त्री, कीड लागायची नाही," आर्नुल्फो म्हणाला. "आजोबांच्या हातचं झाड. तुमच्याशिवाय कुणाला देणार?"

एर्मिनिया झाडत होती, ती थांबली. मिस्त्री वाकला. ओंडक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला. आता तो 'ठेव तिथं' म्हणणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"लेथचा पट्टा तुटलाय," तो म्हणाला.

पट्टा शाबूत होता. सकाळीच मी लेथ चालताना ऐकलं होतं.

"मग नवा बसवू की!" आर्नुल्फो म्हणाला. "मी जीपवाल्याकडून मागवतो."

मिस्त्रीला पुढचं खोटं सुचेना. एर्मिनिया केरसुणी टाकून मागच्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग. कोयता भिंतीवर उंच टांगलेला होता. टाचा उंचावून तिनं हात लांबवला, पण तो पुरेना आणि तिला खोकल्याची उबळ आली. खोकत खोकत ती पुन्हा हात लांबवत होती.

लोक म्हणतात, बायकोनं पट्टा कापला म्हणून तो गेला. लोक तिथं नव्हते. कोयता मिस्त्रीनं काढून दिला. मूठ तिच्याकडे करून दिला, जसा आम्ही कुणाही बाईला देतो.

तिनं पट्टा कापला. रबर चिवट होतं, वेळ लागला. आर्नुल्फो खेचर वळवून ओंडका घेऊन गेला.

गुरुवारच्या जीपमध्ये ती दोघं कॉफीच्या पोत्यांमध्ये बसली. मिस्त्री एकाही घराकडे बघत नव्हता. मांडीवर हात ठेवून बसला होता, खुर्चीत बसावं तसा. त्याच्या कोटाच्या खिशातून कापलेल्या पट्ट्याचं टोक बाहेर आलं होतं. नवा घ्यायचा तर दुकानात माप दाखवायला लागतंच.

एर्मिनियानं ते बघितलं. मला वाटलं, आता उपसून फेकेल.

"रस्ता खराब आहे," ती म्हणाली. "पडेल." आणि तिनं ते टोक आत सारून खिशाचं बटण लावलं.